राजगडावरचं दही

काटेवाडीच्या जयवंतरावांकडं नवा पाहुणा आला, की चहाचा कप खाली ठेवायच्या आत त्याला एक गोष्ट ऐकावी लागायची. जयवंतराव कॉलेजात असताना बारामतीच्या पोरांचं एक टोळकं राजगड बघायला गेलं होतं. चढून चढून जीव घशाशी आला. वर पद्मावतीच्या देवळापाशी परकर-पोलक्यातली एक पोरगी दह्याचं मडकं घेऊन बसली होती. जयवंतरावांनी तिच्याकडचं दही एक वाटी खाल्लं, मग दुसरी, मग तिसरी, आणि वाटी परत द्यायचीच विसरले. "गड बघायचा राहिला आन दही बघत बसलो," असं म्हणून ते हसायचे. वर्षाच्या आत त्याच पोरीशी त्यांचं लग्न झालं. गोष्टीचं शेवटचं वाक्यही ठरलेलं असायचं. "पर काय सांगू तुमाला, ती चव परत न्हाय. हिच्या हातचं रोज खातोय, पर गडावरची चव ती न्हायच." एवढं बोलून ते स्वयंपाकघराकडं मान वळवायचे आणि जरा थांबायचे. आतून तानूबाई म्हणायची, "पुरं आता."

हे पंचेचाळीस वर्षं चाललं. जयवंतराव जाऊन आता तीन वर्षं झाली, पण ते वाक्य तानूबाईच्या कानातून गेलं नव्हतं. ते ऐकताना दर वेळी तिला आत काहीतरी टोचायचं. त्याचं कारण तिनं नवऱ्याला सांगितलं नव्हतं, मुलाला नाही, सुनेला नाही.

या हिवाळ्यात चाँदभाई आणि त्यांची मुलगी शाहीन एका रविवारी काटेवाडीला आले. चाँदभाई म्हणजे जयवंतरावांचे कॉलेजपासूनचे सोबती. बारामतीत त्यांचं सायकलचं दुकान होतं. आता गुडघ्यांमुळे ते दुकानात कमी बसत, पण महिन्यातून एकदा काटेवाडीला येऊन जयवंतरावांच्या पडवीत तासभर बसल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. शाहीन बारामतीच्या एका मुलींच्या शाळेत इतिहास शिकवायची. तिनं सांगितलं, की नववीच्या मुलींची सहल राजगडावर न्यायची ठरलीय. त्याआधी स्वतः जाऊन वाट कशी आहे, पाणी कुठं मिळतं, मुलींना बसवायचं कुठं, हे बघून यायचं होतं. येत्या शनिवारी ती जाणार होती, आणि तानूबाईनं सोबत यावं असं तिच्या मनात होतं.

तानूबाईनं आधी सरळ नाही म्हटलं. सहासष्ट वर्षांचं वय, दुखरे गुडघे, दावणीला चार जर्सी गायी. सोनम, तिची सून, म्हणाली की गायींचं मी बघते. दीपकला, तिच्या मुलाला, काळजी वाटत होती, पण तो आईच्या तोंडाकडं बघत राहिला. काठीच्या मुठीवर हनुवटी टेकवून चाँदभाई म्हणाले, "वैनी, जयवंता दर वर्साला म्हणायचा, औंदा ऊस गेला की हिला गडावर न्हेतो. ऊस दर वर्साला गेला."

तानूबाई उठून आत गेली. बाहेर आली तेव्हा तिनं एवढंच विचारलं, की किती वाजता निघायचं.

शनिवारी उजाडताना ते निघाले. गाडी शाहीन चालवत होती. तिच्या शेजारी चाँदभाई, आणि मागं तानूबाई, मांडीवर भाकरीचं फडकं घेऊन. मोरगाव गेलं, जेजुरी गेली, सासवडला चहा झाला. तोवर तानूबाई खिडकीला डोकं टेकून बसली होती. नारायणपुरावरून कापूरहोळला उतरून त्यांनी नसरापूर मागं टाकलं, आणि डोंगर दोन्ही बाजूंनी जवळ आले. तशी ती ताठ बसली. शाहीनला आरशात दिसलं, की काकी ओठ हलवत एकेका डोंगराचं नाव घेतायत. पुढं एका वळणावर तोरणा दिसला, आणि त्याच्या अलीकडं राजगड. तीन माच्या तीन बाजूंना पसरलेल्या आणि मधोमध बालेकिल्ला. तानूबाईनं हात जोडले नाहीत. फक्त काच खाली करायला सांगितली.

तिचं माहेर पालच्या बाजूची एक वाडी. पंधरा-वीस घरं, भाताची खाचरं आणि डोक्यावर गड. लग्नानंतर ती माहेरी येत असे, पण दोन दिवसांसाठी, कडेवर मूल आणि मागं कामाची घाई. गडावर जायला कधी जमलं नाही. वीस वर्षांपूर्वी भाऊ गेला तेव्हा ती शेवटची आली होती. भाच्यानं पुण्यात खोली घेतली आणि घराला कुलूप लागलं. आज वाडीवरून जाताना तिनं गाडी थांबवून घेतली. कुलूप होतंच. अंगणात कुणीतरी पेंढा रचून ठेवला होता. शेजारच्या घरातून एक म्हातारी बाहेर आली आणि तिनं डोळ्यांवर हात धरून विचारलं, कोण गं. तानूबाईनं बापाचं नाव सांगितलं, तशी म्हातारीनं तिच्या तोंडावरून हात फिरवला. तिच्याकडूनच कळलं, की धोंडाबाई, तानूबाईची लहानपणची जोडीदारीण, अजून दही घेऊन गडावर जाते. शनिवार-रविवार चुकत नाही. पोरं पुण्याला ये म्हणतात, ती जात नाही.

पायथ्याला चहाच्या टपरीशेजारी बाकडं होतं. चाँदभाई तिथंच बसले. त्यांना चढायचं नव्हतंच. मी तुमची वाट बघतो, तुमी राजाला माझा सलाम सांगा, असं म्हणून त्यांनी पेपर उघडला.

पाली दरवाजाची वाट ही जुनी राजवाट, मावळातल्या बाकी वाटांपेक्षा सोपी. पण सोपी म्हणजे सपाट नव्हे. पहिल्या अर्ध्या तासात शाहीनला दम लागला. तानूबाई मागून सावकाश येत होती, थांबत नव्हती. शाहीननं विचारलं, तेव्हा ती म्हणाली, की चढताना बसायचं नाही, बसलं की पाय विसरतात. मडकं डोक्यावर असलं की बसताच यायचं नाही, म्हणून तशीच सवय लागली.

चालता चालता शाहीन गडाविषयी सांगत होती. शिवाजी महाराजांची राजधानी इथं पंचवीसएक वर्षं होती. सईबाई इथंच गेल्या, राजाराम महाराजांचा जन्म इथला, आणि पुढं राजधानी रायगडाला हलली. तानूबाईला यातलं बरंच ठाऊक होतं, पण वेगळ्या तऱ्हेनं. तिची आई म्हणायची, राजा आपल्या वरच्या अंगाला राहायचा, मग रायगडाला राहायला गेला. शेजारचं बिऱ्हाड दुसऱ्या गावाला गेल्यागत ती सांगायची. लहानपणी तानूला वाटायचं, की गेला असला तरी घर इथलंच आहे, येईल एखाद्या दिवशी. तिनं हे सांगितलं तशी शाहीन वाटेतच थांबली. मुलींना सांगायला हे मी लिहून घेते, म्हणाली.

शाहीनला गडाचा इतिहास ठाऊक होता, तानूबाईला गडावरची सावली. कुठल्या खडकाखाली दुपारी ऊन येत नाही, कुठलं टाकं उन्हाळ्यातही आटत नाही, कुठल्या बुरुजाच्या फटीत आग्या मोहोळ असतं, हे ती बोटानं दाखवत होती. काही ठिकाणी ती चुकली. एक झाड नव्हतंच. एका जागी आता लोखंडी कठडा होता, त्याला हात लावून ती पुढं गेली.

दरवाजाखालच्या दगडी पायऱ्या आल्या, तेव्हा मात्र ती थांबली. तिसऱ्या की चौथ्या वळणावरची एक पायरी. इतकी वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट तिनं तिथं उभ्या उभ्या शाहीनला सांगितली.

तेव्हा ती सोळा वर्षांची होती. तिची जोडीदारीण धोंडा तिच्याहून वर्षानं मोठी. दोघींच्या घरी दोन-दोन म्हशी. रविवारी पुण्याची कॉलेजची पोरं गडावर यायची, म्हणून शनिवारी रात्री विरजण लावायचं आणि पहाटे मडकी डोक्यावर घेऊन चढायचं. त्या रविवारी पाऊस नव्हता, काही नव्हतं, पण दहिवरानं पायऱ्या ओल्या होत्या. तानूचा पाय घसरला. ती वाचली, मडकं फुटलं. पायरीपायरीवरून दही खाली वाहत गेलं. ती तिथंच बसून रडायला लागली. घरी आईला काय सांगणार? धोंडानं आपलं मडकं खाली ठेवलं, वर जाऊन पुजाऱ्याकडून एक रिकामं गाडगं मागून आणलं, आणि आपलं अर्धं दही त्यात ओतून दिलं.

दुपारी बारामतीची पोरं आली. त्यातलं एक पोरगं तानूसमोर बसलं आणि तीन वाट्या दही खाऊन गेलं.

"म्हंजी ते दही धोंडाचं हुतं," तानूबाई म्हणाली. "माझं न्हवतंच. आन ह्यांनी जलमभर त्याच चवीचं नाव घेतलं. मी काय काय केलं न्हाय, शाहीन? म्हैस आणाय लावली, मातीची गाडगी आणाय लावली. चव यायची कुठनं? सुरवातीला भ्या वाटायचं, सांगितलं तर म्हणतील मग त्या पोरीला करायला पायजे हुती. मागनं भ्या गेलं, पर सांगायचं राहिलं ते राहिलंच."

शाहीनला हसू आलं होतं, पण तिनं ते दाबलं. काकींच्या डोळ्यांत पाणी होतं. तिनं विचारलं, धोंडाबाईंशी कधी बोलणं झालं का याच्यावर? तानूबाईनं मान हलवली. लग्नानंतर एकदाच भेट झाली होती, भावाच्या तेराव्याला, माणसांच्या गर्दीत. तेव्हा कसं बोलायचं? आणि आता तिला सांगायचं होतं ते हेच, की धोंडे, तुझ्या दह्यावर माझा संसार झाला आणि मी कधी तुझं नाव घेतलं नाही.

पाली दरवाजाच्या कमानीतून दोघी आत आल्या आणि वाऱ्यानं तानूबाईचा पदर उडवला. तिनं तो कमरेला खोचला. डावीकडं वळून त्या पद्मावतीच्या माचीकडं गेल्या. देवळासमोर दहा-बारा ट्रेकर पोरं बसली होती. लिंबू सरबतवाले दोघं होते. दह्याचं मडकं कुठं दिसेना. तानूबाई देवळाच्या पायरीवर बसली. शाहीन सरबतवाल्याला विचारायला निघाली, एवढ्यात तळ्याच्या बाजूनं एक आवाज आला. "दहीऽ, ताऽक." शेवटचा शब्द लांबवलेला, आणि मग एकदम तोडलेला.

"ती बघ," तानूबाई म्हणाली. "अजून तसंच वरडती."

तळ्याच्या काठाला, एका जुन्या भिंतीच्या आडोशाला धोंडाबाई बसली होती. लहानखुरी, वाळलेली, नाकात मोठी नथ, समोर दोन मडकी आणि स्टीलच्या वाट्या. गिऱ्हाईक आलं असं समजून तिनं वाटी उचलली. वर बघितलं, आणि वाटी धरलेला हात तसाच राहिला.

"तानू न्हवं तू?"

"व्हय."

"म्हातारी झालीस की गं." असं म्हणून धोंडाबाईनं वाटी भरली आणि तिच्या हातात दिली. "आदी खा. मंग बोल."

तानूबाईनं दही खाल्लं. जिभेवर काहीतरी शोधत असल्यासारखं तिनं ते तोंडात घोळवलं. मग दोघी बोलायला लागल्या आणि शाहीन थोडी बाजूला सरून तळ्याच्या पायऱ्यांचे फोटो काढत राहिली. कोण गेलं, कोण आहे, कुणाची पोरं कुठं, असं सगळं झालं. धोंडाबाईचा नवरा आठ वर्षांपूर्वी गेला होता. तानूबाईनं जयवंतराव गेल्याचं सांगितलं. धोंडाबाईला ते वाडीतून कळलं होतं.

मग तानूबाईनं सांगायचं ते सांगितलं. आडवळण घेतलं नाही. फुटलेलं मडकं, अर्धं दही, तीन वाट्या, पंचेचाळीस वर्षांचं ते वाक्य. बोलून झाल्यावर ती म्हणाली, "तुझं नाव कवा सांगितलं न्हाय मी त्यांना. तेवढं माफ कर मला."

धोंडाबाई मडक्यावरचं फडकं नीट करत होती. तिनं मान वर केली नाही.

"त्याला ठाऊक हुतं," ती म्हणाली.

तानूबाईला कळेना. धोंडाबाईनं फडक्याची गाठ मारली आणि सावकाश सांगायला सुरुवात केली.

त्या रविवारनंतर दोन आठवड्यांनी तानूला ताप भरला होता. तिच्या आईनं तिला घोंगडी पांघरून निजवलं होतं, आणि धोंडा एकटीच गडावर आली होती. दुपारच्या वेळेला तेच पोरगं आलं. यावेळी एकटं होतं. एस्टीनं पुण्याला, तिथून मार्गासनीला, आणि पुढं पायी. देवळापाशी त्यानं इकडंतिकडं बघितलं, मग धोंडासमोर बसून एक वाटी दही मागितलं. एक घास खाल्ला आणि वाटी खाली ठेवली.

"म्हणाला, हे तेच हाय. मी म्हणलं, आसंल की. त्या दिशी बी माझंच हुतं. तानूचं पायरीवर सांडलं, मी अर्धं दिलं तिला. मला काय ठावं ह्याच्या पोटात काय हाय? मी खरं ते सांगितलं."

"मंग?"

"मंग काय? वाटीत बघितलं त्यानं. आन हसाय लागला. येवढा हसला, येवढा हसला, मला वाटलं ऊन लागलं ह्याला. मंग इचारलं, ती कुठं हाय. मी म्हणलं तापानं पडलीया. तसं हसू गेलं त्याचं. म्हणाला घर कुठलं. मी त्याला हितनं त्या कडंला न्हेला आन दावलं, त्यो पेंढ्याचा ढीग दिसतोय न्हवं, त्याच्या अंगाचं घर. तितं बसला बघ. उन्हं कलंपतोर बसला. तुज्या घराच्या कौलाकडं बघत."

तानूबाईनं काठाकडं बघितलं. तिथं आता दोन पोरी फोटो काढत होत्या.

"जाताना मला म्हणाला," धोंडाबाई पुढं म्हणाली, "तिला सांगू नका मला कळलंय ते. न्हायतर तिला वाटंल, मी दह्यासाठी आलो."

एक गिऱ्हाईक आलं, ताक पिऊन गेलं. तानूबाईचा चेहरा आधी रागानं लाल झाला. पंचेचाळीस वर्षं! पंचेचाळीस वर्षं हा माणूस पाहुण्यांसमोर आपल्याला खिजवत होता, आणि आपण चुलीपाशी बसून जीव जाळत होतो. "आगं, म्हैस आणाय लावली मी," ती धोंडाबाईला म्हणाली, "त्या चवीपायी. आन त्यो माणूस बाजारात जाऊन म्हैस घेऊन आला. सगळं म्हाईत असताना." एवढं बोलून तिला हसू फुटलं. ते हसू थांबेना. तोंडाला पदर लावून ती हसत राहिली, आणि हसता हसताच रडायला लागली. धोंडाबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तिथंच राहू दिला.

शांत झाल्यावर तिला आठवलं, की ते वाक्य बोलून झालं की जयवंतराव आत मान वळवून थांबायचे. ती 'पुरं आता' म्हणेपर्यंत थांबायचे. आपण कधी सांगतोय याची ते वाट बघत असतील का? की सांगू नये, म्हणजे गोष्ट अशीच चालू राहील, असं त्यांना वाटत असेल? हे आता कुणाला विचारणार? पण एक गोष्ट तिला कळली होती. एक तरुण पोरगा एवढा लांबून, एवढा डोंगर चढून आला होता, आणि आपण भेटलो नाही म्हणून आपल्या घराच्या कौलांकडं बघत बसला होता. हे तिच्या आयुष्यात घडलं होतं आणि तिला आज कळत होतं.

तिनं धोंडाबाईला विचारलं, आधी का नाही सांगितलंस. धोंडाबाई म्हणाली, सबुद दिला हुता. आता त्यो न्हाय. आता मी बी मेले तर ही गोष्ट कुणाकडं ऱ्हाणार?

शाहीन सुवेळा माचीकडं जाऊन आली, बालेकिल्ल्याची वाट बघून आली, मुलींना कुठं बसवायचं ते तिनं वहीत लिहिलं. दोन तासांनी परत आली तेव्हा दोघी म्हाताऱ्या भिंतीच्या सावलीत भाकरी खात होत्या. पुण्याचा एक मोठा घोळका आला, तर तानूबाईनं उठून पळी हातात घेतली. एकीनं दही घालायचं, दुसरीनं वाट्या विसळायच्या. तानूबाईनं एका पोराला तिसरी वाटी वाढली आणि पैसे नको म्हणाली. धोंडाबाई तिच्याकडं डोळे वटारून बघत होती.

चारच्या सुमाराला निघायची वेळ झाली. तानूबाई एकटीच काठापाशी गेली आणि खाली बघत उभी राहिली. वाडी दिसत होती. पेंढा आता दुसऱ्या जागी होता, घर ओळखायला तिला वेळ लागला. मग ओळखलं. कौलं अजून तीच होती, एका बाजूनं खचलेली. किती वेळ उभी होती कोण जाणे. शाहीननं हाक मारली नाही.

उतरताना धोंडाबाई रिकामी मडकी घेऊन सोबत आली. पायऱ्यांवर तिनं तानूबाईचा हात धरला. उतरणीला गुडघे जास्त दुखतात हे तानूबाई विसरली होती. दोनदा त्यांना थांबावं लागलं. थांबल्यावर धोंडाबाई चिडवायची, की सपाटीवरच्या बायांचं असंच असतं.

चाँदभाई बाकड्यावर डुलक्या घेत होते. तानूबाई त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली आणि तिनं विचारलं, "भावजी, हे दुसऱ्यांदा गडावर आल्ते, तुमाला ठाऊक हुतं?"

चाँदभाईंनी डोळे चोळले. धोंडाबाईकडं बघितलं, मग तानूबाईकडं. आता लपवण्यात अर्थ नाही हे त्यांना कळलं असावं.

"घरात सांगून आला हुता, चाँदच्या बहिणीच्या लग्नाला निघालोय," ते म्हणाले. "माझी बहीण तवा सात वर्साची हुती, वैनी. त्याच्या बापानं आयराला लुगडं दिलं. ते आमी कुणाच्या गळ्यात मारलं, ते इचारू नका."

शाहीन एवढ्या जोरात हसली, की टपरीवाला बाहेर आला. ही आत्या तिला चांगली ठाऊक होती. तिच्या खऱ्या लग्नात जयवंतरावांनी सगळ्यात पुढं उभं राहून पंगती वाढल्या होत्या, हे तिनं लहानपणापासून ऐकलं होतं. त्यांनी एवढं का राबावं, ते मात्र आज कळलं.

घरी परतल्यावर तानूबाईनं सोनमला आणि दीपकला सगळं सांगितलं. दीपकला वडिलांची गोष्ट तोंडपाठ होती. हा भाग ऐकून तो उठून बाहेर गेला आणि गोठ्यापाशी उभा राहिला. नंतर आत येऊन तो म्हणाला, "आता पाव्हणं आलं की ही गोष्ट मी सांगणार, आन शेवट आईनं सांगायचा."

शाहीनच्या नववीच्या मुली जानेवारीत राजगडावर जाऊन आल्या. देवळापाशी बसून बाईंनी आम्हाला राजा दुसरीकडं राहायला गेल्याची गोष्ट सांगितली, असं त्यांतल्या बऱ्याच जणींनी सहलीच्या निबंधात लिहिलं.

धोंडाबाई माघात काटेवाडीला आली. तिला आणायला दीपक स्वतः गेला होता. चार दिवस राहिली. तिनं कालवा बघितला, ऊसतोड बघितली, दूध काढायचं यंत्र बघून तोंडाला हात लावला. सोनमनं तिला पुरणपोळी खायला घातली, चाँदभाईंच्या घरी एक दिवस शिरखुर्मा झाला. सगळं तिला आवडलं. तिसऱ्या दिवशी मात्र ती सकाळपासून अंगणात या टोकाहून त्या टोकाला फिरत होती. तानूबाईनं विचारलं काय झालं.

"हितं लांबचं बगायला कुठं जाती तू?" धोंडाबाईनं विचारलं.

तानूबाईनं इकडंतिकडं बघितलं. चारी बाजूंना ऊस उभा होता, माणसाच्या दुप्पट उंच. असा प्रश्न तिला इथं कुणी विचारला नव्हता, आणि तिनं स्वतःलाही विचारला नव्हता. मग ती धोंडाबाईला घेऊन स्लॅबवर गेली. पाण्याच्या टाकीला टेकून दोघी उभ्या राहिल्या. उसाच्या तुऱ्यांवरून वारा येत होता, लांबवर कारखान्याचा धूर दिसत होता, आणि पश्चिमेला, जिकडं डोंगर असायला हवेत, तिकडं नुसतं आभाळ होतं. तिथंच उभं राहून त्यांनी ठरवलं, की चैत्रातलं ऊन तापायच्या आधी तानूबाईनं आठ दिवस वाडीला यायचं. धोंडाबाई शेजारच्यांकडून त्या बंद घराची किल्ली मागवणार होती. दीपकला कसं सांगायचं, हे तानूबाई बघणार होती.

खालून सोनमनं चहाला हाक मारली. येतो म्हणून दोघी आणखी बराच वेळ तिथंच उभ्या राहिल्या.